जुनी अमेरिकी निकेल नाणी: जमवायची कशी आणि ग्रेड ठरवायची कशी

जुन्या अमेरिकी नाण्यांकडे वळायचं असेल तर चांदीच्या डॉलरपासून सुरुवात करू नका. पाच सेंटच्या निकेलपासून करा. १९३०च्या दशकातलं झिजलेलं, पण तारीख स्पष्ट असलेलं अस्सल बफेलो निकेल आजही अमेरिकेत एक-दोन डॉलरला मिळतं. घेताना अंदाज चुकला तरी खिशाला चटका बसत नाही. शिवाय नाणं बघायला शिकवण्यात निकेलचा हात धरणारं दुसरं नाणं मला माहीत नाही. धातू कठीण असल्यामुळे ठसा कधी पुरता उमटतो, कधी अर्धवट राहतो. झीज कुठली आणि कच्चा ठसा कुठला हे ज्याला निकेलवर कळलं, त्याला इतर नाणी सोपी जातात.

या लेखात एकच आग्रह धरला आहे: आधी नाणं बघा, ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय यावरून ठरणारा दर्जा, स्वतः ठरवा, ती कागदावर लिहा आणि मगच भाव विचारा. हा क्रम उलटा झाला की डोळा किमतीच्या मागे धावतो आणि बफेलोच्या नाण्यावर नसलेलं शिंगही दिसायला लागतं.

पहिली पायरी: नाणं कोणतं ते ओळखा

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लोकांनी सोन्याचांदीची नाणी दडवली आणि सुट्या पैशांऐवजी सेंटांच्या कागदी नोटा चालू लागल्या. त्या फाटक्या-मळक्या नोटांची जागा घ्यायला १८६६ मध्ये ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल अशा मिश्रधातूचं पाच सेंटचं नाणं आलं. वजन ५ ग्रॅम. हे मिश्रण आणि हे वजन, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला अपवाद सोडला तर, आजही तसंच आहे. चांदीचा चिमुकला हाफ डाइमही पाच सेंटचाच होता. तो १८७३ पर्यंत सोबतीने पाडला गेला.

जेम्स लाँगेकर यांनी केलेलं १८६६ ते १८८३ चं नाणं म्हणजे शील्ड निकेल. पुढे ढाल, मागे मोठा ५ चा आकडा आणि भोवती तारे. सुरुवातीच्या नाण्यांवर ताऱ्यांच्या मधून किरण निघतात. ठसा नीट उमटेना, साचे पटापट तडकायचे, म्हणून १८६७ मध्येच किरण काढून टाकले. त्यामुळे १८६७ चं नाणं दोन्ही प्रकारांत मिळतं आणि किरणांचं जास्त दुर्मीळ आहे. साचे तडकण्याचा त्रास पुढेही संपला नाही. शील्ड निकेलवर केसासारख्या बारीक उठावदार रेघा दिसल्या तर घाबरू नका, त्या साच्याच्या भेगा आहेत. १८७७ आणि १८७८ ची नाणी फक्त संग्राहकांसाठी, प्रूफ म्हणजे खास चकचकीत ठशाची नाणी म्हणून पाडली गेली. १८७८ ची अवघी २,३५० होती.

१८८३ मध्ये चार्ल्स बार्बर यांचं लिबर्टी निकेल आलं. पुढे मुकुट घातलेल्या लिबर्टी देवीचं डोकं, मागे रोमन पाच, म्हणजे ‘व्ही’, म्हणून याला व्ही निकेलही म्हणतात. पहिल्या नाण्यांवर ‘सेंट्स’ हा शब्दच नव्हता. भामट्यांनी त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि आकाराने जवळच्या पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या जागी ती खपवली. त्याच वर्षी टांकसाळीने ‘सेंट्स’ शब्द घातला. ही मालिका १९१२ मध्ये संपली. १९१३ सालाची फक्त पाच लिबर्टी निकेल्स माहीत आहेत. त्यांतलं एक २०१८ मध्ये ४५ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. तुम्हाला कोणी १९१३ चं लिबर्टी निकेल दाखवलं तर ते बनावट आहे असंच धरून चाला.

१९१३ ते १९३८ हा काळ जेम्स अर्ल फ्रेझर यांच्या बफेलो निकेलचा. पुढे मूळनिवासी अमेरिकी पुरुषाचा चेहरा, मागे बायसन. माझ्या मते अमेरिकेने रोजच्या व्यवहारासाठी पाडलेलं हे सर्वांत देखणं नाणं. यातही १९१३ मध्ये दोन प्रकार झाले. पहिल्यात बायसन मातीच्या उंचवट्यावर उभा आहे आणि ‘फाइव्ह सेंट्स’ ही अक्षरं त्या उंचवट्यावरच कोरलेली आहेत. ती लवकर झिजतील हे लक्षात आल्यावर उंचवटा कापून सरळ रेषा केली आणि अक्षरं खोलगट जागेत घेतली. तारखेला मात्र कुणी हात लावला नाही. ती खांद्याच्या उंच भागावर राहिली, म्हणून हजारो बफेलो निकेल्सवर आज तारीखच उरलेली नाही.

१९३८ पासून फेलिक्स श्लाग यांचं जेफरसन निकेल सुरू झालं, मागे जेफरसन यांचं माँटिसेलो हे घर. यातली १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंतची नाणी वेगळी काढून ठेवा. निकेल युद्धासाठी हवं होतं, म्हणून ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असं मिश्रण वापरलं. अशा प्रत्येक नाण्यात १.७५ ग्रॅम चांदी आहे. ओळखायची खूण सोपी आहे: घराच्या घुमटाच्या वर मोठं अक्षर, ‘पी’, ‘डी’ किंवा ‘एस’. फिलाडेल्फियाचं ‘पी’ अमेरिकी नाण्यावर पहिल्यांदा आलं ते इथेच.

टांकसाळीची खूण कुठे शोधायची तेवढं पाठ करा. शील्ड निकेलवर ती नसतेच. लिबर्टीवर फक्त १९१२ मध्ये, मागे खाली ‘सेंट्स’च्या डावीकडे. बफेलोवर मागे ‘फाइव्ह सेंट्स’च्या खाली. जेफरसनवर घराच्या उजवीकडे, आणि १९६८ पासून पुढच्या बाजूला तारखेजवळ. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. जुन्या नाण्यावर खूण नसेल तर फिलाडेल्फिया.

बफेलोवर तारखेच्या खाली बारीक ‘एफ’ दिसतो. ती टांकसाळीची खूण नाही, फ्रेझर यांच्या नावाचं आद्याक्षर आहे. नवे लोक इथे हमखास फसतात.

दुसरी पायरी: टेबल मांडा

पाच ते सातपट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, मऊ कापड आणि एकाच बल्बचा टेबललॅम्प एवढं पुरतं. ट्यूबलाइटखाली ग्रेड ठरवू नका. पसरट उजेडात पुसल्याच्या बारीक रेषा लपतात. नाणं नेहमी दोन बोटांनी कडेला धरा, पृष्ठभागाला बोट लागता कामा नये. खाली कापड अंथरा, म्हणजे हातून सुटलं तरी कडेला खोक पडणार नाही.

लोहचुंबकही जवळ ठेवा. अमेरिकी निकेल चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर ते कॅनडाचं असेल किंवा बनावट.

तिसरी पायरी: ग्रेड

ग्रेडिंगची १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. पुढे ती सगळ्याच अमेरिकी नाण्यांना लागू झाली. खालून वर जाताना ४ म्हणजे गुड, ८ व्हेरी गुड, १२ फाइन, २० व्हेरी फाइन, ४० एक्स्ट्रा फाइन, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेड आणि ६० ते ७० मिंट स्टेट, म्हणजे व्यवहारात न झिजलेलं. नावांवर जाऊ नका. ‘गुड’ ग्रेडचं नाणं चांगलंच झिजलेलं असतं.

बफेलोपासून सराव करा, कारण त्यावर ग्रेड दाखवणारी एक ठळक जागा आहे: बायसनचं शिंग. शिंग पार गेलेलं, पण तारीख आणि अक्षरं वाचता येतात, तर गुड. अर्धं शिंग दिसलं तर व्हेरी गुड. पाऊण शिंग आणि बायसनच्या अंगावर थोडे केस दिसले तर फाइन. शिंग टोकापर्यंत पूर्ण, पण एकूण सपाटपणा आलेला, तर व्हेरी फाइन. शिंग पूर्ण आणि धारदार, झीज फक्त उंच जागी, तर एक्स्ट्रा फाइन. त्याच्या वरच्या ग्रेडसाठी शिंग सोडून द्या आणि चार जागा बघा: पुढे गालाचं हाड आणि कपाळाजवळचे केस, मागे बायसनचा खांदा आणि मागचा पुठ्ठा. या चार ठिकाणी रंग किंचित मंद पडला असेल आणि बाकी नाण्यावर झळाळी टिकून असेल तर अबाउट अनसर्क्युलेटेड.

लिबर्टी निकेलवर मुकुटावर ‘लिबर्टी’ हा शब्द आहे. तो पूर्ण गेला तर गुड, तीनेक अक्षरं दिसली तर व्हेरी गुड, सगळी अक्षरं वाचता आली तर फाइन. त्याच्या वर कपाळावरचे केस आणि मागच्या माळेतली मक्याची कणसं बघायची. कणसांबाबत सावध राहा: डावीकडचं खालचं कणीस कित्येक नाण्यांवर मुळातच नीट उमटलेलं नाही. शील्डवर ढालीतल्या उभ्या रेघा आणि शेजारची पानं बघा. अर्ध्या पानांचा तपशील गुळगुळीत झालेला असेल तर फाइन, पानांची फक्त टोकं घासलेली असतील तर एक्स्ट्रा फाइन. जेफरसनवर गालाचं हाड आणि घराच्या दर्शनी भागातला उजवीकडून दुसरा खांब. तो खांब जवळजवळ पुसला गेला की नाणं व्हेरी गुडपर्यंत उतरलं.

न झिजलेल्या जेफरसनमध्ये आणखी एक बाब असते, घराच्या पायऱ्या. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड, मध्ये एकही ओरखडा न येता दिसल्या तर त्याला ‘फुल स्टेप्स’ म्हणतात. काही वर्षांच्या नाण्यांत तेवढ्या एका गोष्टीने किंमत कितीतरी पट वाढते. १९६० च्या दशकातल्या नाण्यांवर पायऱ्या सहसा कच्च्या असतात, तिथे शोधताना संयम ठेवा.

झीज की कच्चा ठसा?

ग्रेडिंग शिकताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १९२० च्या दशकात डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेली बफेलो निकेल्स बऱ्याचदा अर्धवट ठशाची आहेत. जुने झालेले साचेही वापरात राहत. १९२६ चं डेन्व्हरचं नाणं याबाबत प्रसिद्ध आहे. ते खिशात एकदाही गेलेलं नसलं तरी शिंग आणि डोक्यावरचे केस पुसट दिसू शकतात. शिंगावरून ग्रेड लावली तर अशा नाण्यावर अन्याय होतो. उलट विक्रेतेही ‘ठसा कच्चा आहे’ असं सांगून झिजलेलं नाणं वरच्या ग्रेडला विकतात.

फरक उजेडात कळतो. नाणं लॅम्पखाली तिरकं धरा आणि सावकाश फिरवा. न झिजलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ही झळाळी धातू साच्यात दाबला जाताना तयार झालेल्या सूक्ष्म रेषांमुळे येते. हा पट्टा बायसनच्या खांद्यावरून आणि पुठ्ठ्यावरून न तुटता गेला, तर तिथला सपाटपणा कच्च्या ठशाचा. पट्टा तिथे आल्यावर विझला आणि ती जागा करडी, मेणचट दिसली, तर झीज. हाच प्रयोग दोन-तीन स्वस्त नाण्यांवर शेजारी शेजारी ठेवून करा. घरात आजीच्या डब्यात १९०७ नंतरचं नागमोडी कडेचं एक आण्याचं नाणं असेल तर तेही घ्या. पिवळट पितळी नाणी सोडली तर तेही तांबं-निकेलचंच असतं, आणि झिजलेल्या धातूचा तो करडा रंग डोळ्यात बसवायला उत्तम.

धुतलेलं, घासलेलं, बनावट

आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने, पितांबरीने लख्ख करायची सवय हाताला असते. नाण्याच्या बाबतीत तो हात आवरा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खोडरबर, काहीही नको. घासलेल्या नाण्याची मूळ कातडी जाते, ती परत येत नाही. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला ग्रेडचा आकडा देत नाहीत, नुसतं ‘डिटेल्स’ असं लिहितात, आणि भाव उतरतो. घासलेलं नाणं ओळखायला एका दिशेने गेलेल्या समांतर बारीक रेषा, अस्वाभाविक पांढरट चमक आणि अक्षरांच्या कोपऱ्यात अडकलेला काळा मळ शोधा. उघडा भाग चकाकतोय आणि कोपरे काळे, असं दिसलं तर नाणं पुसलेलं आहे. एकच अपवाद: मऊ प्लॅस्टिकमुळे आलेला हिरवट चिकटा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून, न घासता काढता येतो. खिडकी उघडी ठेवा आणि आग दूर.

तारीख गेलेल्या बफेलोवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की तारीख उमटते. ठसा पडताना तिथला धातू जास्त दाबला गेलेला असतो आणि आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो. पण तिथे खरखरीत डाग कायमचा राहतो. संग्रहातली रिकामी जागा भरण्यापुरतं असं नाणं ठेवायला हरकत नाही, पण त्याला तारीख असलेल्या नाण्याचा भाव देऊ नका.

बनावटीत सर्वांत जास्त आढळते ती जोडलेली टांकसाळीची खूण. साधं फिलाडेल्फियाचं नाणं घेऊन त्यावर ‘एस’ चिकटवायचा, की झालं १९१२-एस किंवा १९२६-एस. इथे मात्र दहापट भिंग घ्या आणि अक्षराच्या बुडाशी बघा. खरं अक्षर पृष्ठभागातून सलग वर येतं, चिकटवलेल्याच्या भोवती फट, खळगा किंवा वेगळा रंग दिसतो. त्याच वर्षाच्या प्रमाणित नाण्याच्या फोटोशी अक्षराचा आकार आणि जागा पडताळून पाहा.

१९३७-डी चं तीन पायांचं बफेलो सगळ्यांना हवं असतं. दोन साचे एकमेकांवर आदळून पडलेले ओरखडे काढताना टांकसाळीत साचा जास्त घासला गेला आणि बायसनचा पुढचा उजवा पाय नाहीसा झाला. भामटे साध्या नाण्याचा पाय खरवडून तेच करतात. खऱ्या नाण्यावर पोटापासून खाली जमिनीकडे उठावदार ठिपक्यांची एक ओळ उतरते आणि मागचा पाय कुरतडल्यासारखा बारीक दिसतो. खरवडलेल्या नाण्यावर ते ठिपके नसतात, पायाच्या जागी मात्र खरडल्याच्या खुणा असतात.

१९४४ चं जेफरसन मिळालं आणि घुमटावर अक्षर नसेल, तर ते १९५०च्या दशकात न्यू जर्सीत फ्रान्सिस हेनिंग या माणसाने पाडलेल्या खोट्या नाण्यांपैकी असू शकतं. वजन करा, ती ५ ग्रॅमपेक्षा जड भरतात.

चौथी पायरी: काय घ्यायचं आणि कुठून

अमेरिकेत राहत असाल तर बँकेतून निकेलचे रोल मागा. एका रोलमध्ये ४० नाणी, म्हणजे दोन डॉलर. जेफरसनची जुनी वर्षं त्यात अजून सापडतात, मधूनच युद्धकाळातलं काळवंडलेलं चांदीचं नाणंही निघतं. नको असलेली नाणी दर्शनी किमतीत परत करता येतात, म्हणून डोळा तयार करायला हा उत्तम मार्ग. महाराष्ट्रात असाल तर पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत परदेशी नाण्यांचे मिश्र ढीग असतात. त्यात निकेल निघतात, पण घाईत निवडू नका, भिंग घेऊनच जा. मुलं, भाचरं अमेरिकेत असतील तर त्यांना दुर्मीळ वर्षं आणायला सांगू नका, साधी पण स्पष्ट तारखेची आठ-दहा बफेलो मागवा. ती समोर मांडून ग्रेडप्रमाणे रांग लावा. हा सराव दुसऱ्या कशानेही होत नाही.

सुरुवातीला मालिका पूर्ण करण्याच्या मागे न लागता प्रकारांचा संच करा: किरणांचं शील्ड, बिनकिरणांचं शील्ड, ‘सेंट्स’ नसलेलं लिबर्टी, ‘सेंट्स’ असलेलं लिबर्टी, उंचवट्याचं बफेलो, रेषेचं बफेलो, साधं जेफरसन, चांदीचं जेफरसन. आठ नाण्यांत सगळा इतिहास येतो. यात पैसे कुठे घालायचे? ‘सेंट्स’ नसलेल्या १८८३ मध्ये. सरकार ते परत घेईल अशा समजुतीने लोकांनी ते जपून ठेवलं, म्हणून एकोणिसाव्या शतकातलं न झिजलेलं, झळाळतं निकेल हवं असेल तर सर्वांत परवडणारं हेच. त्याच वर्षाचं ‘सेंट्स’ असलेलं नाणं जास्त पाडलं गेलं, तरी वरच्या ग्रेडमध्ये कमी सापडतं.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या: किती पाडली यावरून आज किती उरली हे कळत नाही. १९३१-एस बफेलो १२ लाखच पाडली, पण लोकांनी रोलच्या रोल ठेवले, म्हणून चांगल्या स्थितीत मिळतात. १९२६-एस ९,७०,००० पाडली, कुणी ठेवली नाहीत, आणि न झिजलेलं नाणं आज फार महाग पडतं. १९१२-एस लिबर्टी केवळ २,३८,००० आहेत, १८८५ ची चौदा लाखांच्या वर, तरी झिजलेल्या ग्रेडमध्ये १८८५ चं नाणं महाग आहे. बफेलोत १९१३-एस दुसरा प्रकार, १९२१-एस, १९२४-एस, १९१६ चा दुहेरी ठसा आणि १९१८-डी मधला ७ वर कोरलेला ८ ही नाणी कच्ची, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय, कधीच घेऊ नका.

साठवण आणि प्रमाणपत्र

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ प्लॅस्टिकचे अल्बम स्वस्त असतात, पण त्यात पीव्हीसी असतं आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते हिरवा चिकटा सोडतं. मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन किंवा कडक प्लॅस्टिकच्या डब्या वापरा. पुठ्ठ्याला स्टेपल मारल्यावर पिनांची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. युद्धकाळातली नाणी मँगनीजमुळे लवकर काळवंडतात, त्यांची डबी वेगळी.

प्रत्येक नाण्याच्या चौकोनावर साल, खूण, तुम्ही ठरवलेली ग्रेड आणि खरेदीचा भाव लिहा. सहा महिन्यांनी जुनी ग्रेड झाकून पुन्हा ठरवा. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रेडचे फोटो मोफत बघता येतात, त्यांच्याशी ताडून पाहा. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी तपासून कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. त्यांची फी आणि टपालखर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर पाठवू नका. साध्या वर्षाच्या झिजलेल्या बफेलोला डबीची गरज नाही. डबीतलं नाणं विकत घेताना मात्र प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो समोरच्या नाण्याशी डागाला डाग जुळवून बघा, कारण डब्याही बनावट निघतात.